कागदी झाडांची घरातली निगा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कागदाची झाडं विकत घेणाऱ्यांचे आणि घरी बनवणाऱ्यांचे प्रश्न वर्षभर येत असतात. जून उजाडला की त्यांचा ओघ वाढतो. वारंवार येणाऱ्या प्रश्नांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. सगळी उत्तरं आपल्याकडची हवा डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहेत, कारण कोरड्या थंड देशातल्या सूचना रत्नागिरीच्या घरात फारशा उपयोगी पडत नाहीत.

कागदी झाड किती वर्षं टिकतं?

ते कुठे ठेवलं आहे यावर अवलंबून आहे. कागद कोणता, गोंद कोणता, कारागिरी कशी हे सगळं त्यानंतर येतं. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये मेरी डिलेनी या बाईंनी १७७२ पासून पुढची दहा वर्षं कागदाचे बारीक तुकडे कापून, चिकटवून केलेली शेकडो फुलझाडं आहेत. वयाच्या ७२ व्या वर्षी त्यांनी हे काम हाती घेतलं. अडीचशे वर्षांनंतरही त्यातले रंग बघण्यासारखे आहेत, कारण त्यांना उजेड आणि ओल यांपासून जपलेलं आहे. आपल्याला घराचं संग्रहालय करायचं नाही, पण नियम तोच आहे. सावलीत, कोरड्या जागी ठेवलेलं झाड वर्षानुवर्षं चांगलं राहतं. तेच झाड दमट गॅलरीत एका पावसाळ्यात मान टाकतं.

घरात नेमकं कुठे ठेवू?

आतल्या भिंतीला लागून, खिडकीपासून लांब, थेट ऊन कधीच येणार नाही अशा जागी.

इमारतीच्या बाहेरच्या भिंती पावसाळ्यात ओल धरतात. पश्चिमेकडून झड येत असेल तर त्या बाजूची भिंत दोन-तीन महिने आतून गार लागते. अशा भिंतीवर कागदी वेल लावला, तर पानांची भिंतीकडची बाजू आधी मऊ पडते आणि मग तिथेच काळे ठिपके दिसू लागतात. समोरून झाड ठणठणीत दिसत असतं, म्हणून हे लवकर लक्षातही येत नाही. भिंतीवर लावायचंच असेल तर मागे बोटभर जागा सोडा, हवा खेळू द्या.

सगळ्यात उत्तम जागा म्हणजे काचेची शोकेस. धूळ बसत नाही, हवेतली ओल हळू शिरते, लहान मुलांचे हात पोचत नाहीत. काचेमागे ठेवलं की झाडाची मजा जाते असं काहींना वाटतं. मला वाटत नाही. बारीक कामाचं झाड, उदाहरणार्थ कृष्णकमळ, काचेत जास्त खुलतं.

पंख्याच्या थेट खाली ठेवू नका. पातळ पाकळ्या सतत हलत राहतात आणि देठाशी, तारेच्या जोडावर फाटतात.

पावसाळ्यात पानं मऊ का पडतात? काय करायचं?

कागद म्हणजे सेल्युलोजचे धागे, आणि ते हवेतलं बाष्प शोषून घेतात. हवा कोरडी झाली की सोडूनही देतात. प्रत्येक वेळी धागे किंचित फुगतात आणि आकसतात. क्रेप कागदावर याचा परिणाम फार लवकर दिसतो. त्याच्या चुण्या ताणून पाकळीला वाटीसारखा आकार दिलेला असतो. ओल लागली की चुण्या सैल होतात आणि पाकळी पसरट होऊन लोंबते. कार्डशीटचं पान कडेने वळतं किंवा मधोमध वाकतं.

कागदाला ४० ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. ६५-७० टक्क्यांच्या वर ती बरेच दिवस राहिली की बुरशीला वाव मिळतो. जुलै-ऑगस्टमध्ये मुंबईची हवा सरासरी ८० टक्क्यांच्या वर असते, कोकणात आणि गोव्यात तीच गत. म्हणजे किनारपट्टीवर पावसाळ्याचे तीन महिने कागद अशा हवेत असतो जी त्याला सोसणारी नाही.

म्हणून माझं स्पष्ट मत असं आहे, आणि यावर मी ठाम आहे: मुंबई, ठाणे, रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि गोवा इथे राहणाऱ्यांनी आपली चांगली कागदी झाडं मृग लागायच्या आधी खोक्यात भरावीत आणि दसऱ्याला बाहेर काढावीत. झाड वर्षभर डोळ्यांसमोर असलंच पाहिजे असा आग्रह धरला की ते लवकर गमवावं लागतं. वर्षातले आठ महिने मिरवलं तर पुढची कितीतरी वर्षं मिरवता येतं.

पुण्यात किंवा नाशकात एवढं करायची गरज नसते. झाड बाहेरच्या भिंतीपासून हलवलं आणि खोली बंद करून ठेवली नाही तर बहुतेक वेळा निभतं. घरात एसी असेल तर ‘ड्राय’ मोडवर रोज थोडा वेळ लावा, हवेतलं पाणी बरंच कमी होतं. हवेतली ओल मोजणारा एक छोटा डिजिटल हायग्रोमीटर घेऊन ठेवा. फार महाग नसतो, आणि अंदाजाने बोलण्यापेक्षा आकडा बघितलेला बरा.

आम्ही नागपूरला राहतो. इथे हवा कोरडी आहे, मग काळजीचं कारण नाही ना?

पावसाळ्यात तुमचा त्रास किनारपट्टीपेक्षा कमी. पण उन्हाळ्यात घरात कूलर लावता ना? कूलर ओल्या जाळीतून हवा ओढतो आणि खोलीत बाष्प भरतो. मे महिन्यात बाहेर हवा इतकी कोरडी असते की पापड मोडावा तसं पान कडकन मोडतं, आणि आत कूलरच्या झोतासमोर तेच पान संध्याकाळपर्यंत ओलसर होतं. दिवसातून दोनदा हा फेरा झाला की गोंदाचे जोड सुटायला लागतात. विदर्भ-मराठवाड्यात झाडाची जागा कूलरच्या झोताबाहेर, शक्य असेल तर दुसऱ्याच खोलीत ठेवा. आणि उन्हाळ्यात पानं हाताळू नका. त्या दिवसांत ती ठिसूळ असतात.

हॉट ग्लू गनने चिकटवलेलं झाड बंद गाडीत ठेवून दुकानात जाऊ नका. उन्हात उभ्या गाडीतल्या तापमानाला तो गोंद मऊ होतो आणि फुलं देठावरून सुटतात.

खोक्यात कसं भरायचं?

पन्हळी पुठ्ठ्याचं स्वच्छ, कोरडं खोकं घ्या. किराणा मालाचं नको, त्यात झुरळांची अंडी असू शकतात. झाड उभं मावत असेल तर उभं ठेवा आणि कुंडी तळाशी दोऱ्याने बांधा, म्हणजे हलणार नाही. पानांच्या मधल्या पोकळीत पांढऱ्या टिश्यू पेपरचे सैल बोळे ठेवा. वर्तमानपत्र वापरू नका. त्याची शाई लागते, आणि तो कागद स्वतःच आम्लयुक्त असल्याने पिवळा पडत जातो. शेजारच्या कागदालाही डाग देतो.

भरायचा दिवस कोरडा निवडा. दमट दिवशी भरून वरून टेप लावली तर ओल आतच कोंडली जाते. मेच्या शेवटच्या आठवड्यातली दुपार चांगली.

खोकं जमिनीवर नको, बाहेरच्या भिंतीला टेकून नको, आणि कौलारू घराच्या माळ्यावर तर नकोच. पलंगाच्या पेटीत किंवा आतल्या भिंतीवरच्या कपाटात वरच्या कप्प्यात ठेवा. महिन्यातून एकदा उघडून वास घ्या. कुबट वास आला तर लगेच बाहेर काढून पंख्याची हलकी हवा द्या.

सिलिका जेलच्या पुड्या कुंडीत ठेवल्या तर चालतील का?

उघड्या खोलीत त्यांचा काही उपयोग नाही. पुडी काही तासांत खोलीतली ओल पिऊन तृप्त होते आणि मग नुसती पडून राहते. बंद खोक्यात किंवा काचेच्या झाकणाखाली मात्र ती खरोखर काम करते. नारिंगी दाण्यांची घ्या, ओल भरली की ते हिरवट दिसतात आणि बदलायची वेळ कळते. निळे दाणे टाळा, त्यांत कोबाल्ट क्लोराइड असतं. ओले झालेले दाणे ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर तास-दोन तास ठेवले की पुन्हा वापरता येतात. तांदळाची पुरचुंडी ठेवायचा सल्ला अनेकजण देतात. तांदूळ फार थोडी ओल घेतो, आणि वर किड्यांना आमंत्रण देतो.

धूळ कशी काढायची?

आठवड्यातून एकदा, कोरड्या मऊ ब्रशने. मेकअपचा रुंद ब्रश किंवा चित्रकलेचा बकरीच्या केसांचा ब्रश सगळ्यात चांगला.

पद्धत अशी. सुरुवात शेंड्याकडून करा आणि खाली या, म्हणजे वरची धूळ साफ केलेल्या पानांवर पडणार नाही. डाव्या हाताचा तळवा पानाखाली आधाराला धरा. ब्रश मधल्या शिरेपासून कडेकडे फिरवा, उलटा कधीच नाही, नाहीतर कड दुमडते. मॉन्स्टेरासारख्या कापलेल्या पानात प्रत्येक फाळीला वेगळा आधार द्या. क्रेपच्या पाकळ्यांवर चुण्यांच्या दिशेनेच ब्रश जाऊ द्या. फुलाच्या पोटातली धूळ ब्रशने निघत नाही. तिथे कॅमेऱ्याच्या भिंगासाठी मिळतो तो रबरी फुगा दाबून हवा मारा. हेअर ड्रायर वापरायचा असेल तर गार हवेवर, सगळ्यात कमी वेगाने आणि हातभर लांबून.

धूळ साठू देऊ नका. साठलेली धूळ दमट हवेत पानाला चिकटते, आणि मग ती काढताना कागदाचा पापुद्रा निघतो.

मावशींनी ओल्या फडक्याने पानं पुसली. आता?

पहिलं काम, पुसणं थांबवा. कोरड्या कपड्यानेही घासू नका. क्रेप कागदाचा रंग पाण्यात सुटतो आणि शेजारच्या फिकट पाकळीवर उतरतो, विशेषतः लाल आणि गडद गुलाबी. टिपकागद किंवा साधा टिश्यू हलकेच टेकवून पाणी उचला. मग झाड पंख्याच्या लांबच्या वाऱ्यात, सावलीत सुकू द्या. पानं ओली असेपर्यंत आकार द्यायला जाऊ नका, फाटतील. जेमतेम ओलसर राहिली की बोटांनी वळण द्या.

उतरलेला रंग परत निघत नाही. तेवढी पाकळी बदलावी लागते. हे झाड कागदाचं आहे हे घरात झाडलोट करणाऱ्या प्रत्येकाला आधी सांगून ठेवा. हल्लीची काही झाडं इतकी हुबेहूब असतात की पाहुणे त्यांना पाणी घालतात.

रंग उडू नये म्हणून काय करता येईल?

उजेड कमी करा, एवढाच खात्रीचा उपाय आहे. लक्स हे उजेड मोजायचं माप. संग्रहालयांत कागदावरच्या नाजूक कलाकृतींना ५० लक्सच्या आसपास उजेड ठेवतात. भर दुपारचं थेट ऊन एक लाख लक्सच्या घरात जातं. खिडकीतून येणाऱ्या तासाभराच्या उन्हाने काय होत असेल याची यावरून कल्पना येईल. काचेतून अतिनील किरण थोडे अडतात, पण रंग उडायला साधा दृश्य प्रकाशही पुरतो.

अतिनील किरण अडवणारा फवारा मिळतो. त्याने रंग उडण्याचा वेग कमी होतो, थांबत नाही. फवारा मारायच्या आधी एका सुट्या पानावर करून बघा, कारण काही फवाऱ्यांनी क्रेप डागाळतो. गॅलरीत, मोकळ्या हवेत मारा, जवळपास गॅस किंवा उदबत्ती पेटलेली नको.

दिवे एलईडीचे असू द्या. त्यांत अतिनील किरण जवळपास नसतात आणि ते तापतही कमी.

दसऱ्यानंतर गाद्या-उशांबरोबर झाडालाही ऊन दाखवायचा मोह होतो. दाखवू नका. सावलीतला वारा पुरे.

स्वयंपाकघरात ठेवलं तर?

नको. फोडणीचा तेलकट धूर पानांवर बसतो, त्यावर धूळ चिकटते आणि तो थर कागदावरून निघत नाही. न्हाणीघरात तर विचारच नको.

देव्हाऱ्यात कागदी फुलं चालतील का?

चालतील की नाही हा ज्याच्या त्याच्या घरच्या रीतीचा प्रश्न. मी फक्त आगीबद्दल बोलते. कागद साधारण २३० अंश सेल्सिअसच्या आसपास पेट घेतो, आणि निरांजनाच्या ज्योतीचं तापमान त्याच्या कितीतरी पट असतं. क्रेप इतका पातळ की ठिणगी पुरते. समई, निरांजन, उदबत्ती यांपासून किमान दोन-तीन हात अंतर ठेवा, आणि वर छताकडून लोंबणाऱ्या माळा ज्योतीच्या सरळ रेषेत येऊ देऊ नका, कारण उष्णता वर चढते. दिवाळीत विजेच्या माळा झाडाला गुंडाळायच्या असतील तर फक्त एलईडीच्या, आणि घराबाहेर पडताना बंद.

कसर लागली आहे. काय करू?

कसर म्हणजे ती चपळ, चंदेरी, शेपटीला तीन लांब केस असलेली. तिला खळीतलं पीठ आणि कागद दोन्ही आवडतात, आणि दमट, अंधारी जागा मानवते. पानांना वेडीवाकडी भोकं दिसली किंवा वरचा थर खरवडल्यासारखा दिसला तर तीच.

झाड स्वच्छ प्लॅस्टिक पिशवीत हवाबंद करा आणि डीप फ्रीजरमध्ये दोन आठवडे ठेवा. घरच्या फ्रीजरचं तापमान साधारण उणे १८ अंश असतं, म्हणून एवढे दिवस लागतात. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका. एक दिवस खोलीत तशीच राहू द्या, नाहीतर गार कागदावर दव धरतं. मोठं झाड मावत नसेल तर पानं-फुलं सुटी करून ठेवा.

डांबरगोळ्या ठेवू नयेत असं मी सांगते. त्यांतलं नॅप्थलीन तान्ह्या बाळांना अपायकारक असतं. वेखंड किंवा कडुनिंबाचा वाळलेला पाला मलमलच्या पुरचुंडीत बांधून खोक्यात ठेवायला हरकत नाही, जुन्या पोथ्यांजवळ असंच ठेवत. पण त्याच्या भरवशावर राहू नका. कोरडी जागा हाच कसरीवरचा खरा उपाय. भिंतीवर मातीच्या रेघा दिसल्या तर ती वाळवी आहे, आणि तिथे घरगुती उपाय चालत नाहीत. पेस्ट कंट्रोलवाल्यांनाच बोलवा.

बुरशी आली तर झाड टाकूनच द्यायचं का?

दोन-चार पानांवर असेल तर नाही. झाड इतर झाडांपासून वेगळं करा. आधी सावलीत पूर्ण वाळवा. ओली बुरशी झटकायला गेलात तर ती कागदात घासली जाते. वाळल्यावर तोंडाला मास्क लावून, घराबाहेर, मऊ ब्रशने झटका, आणि तो ब्रश दुसऱ्या झाडाला वापरू नका. डाग राहतील. फार पसरली असेल, किंवा घरात कुणाला दमा असेल, तर जीव अडकवू नका. पिशवीत बांधून टाकून द्या.

विकत घेताना किंवा बनवताना कागद कोणता बघायचा?

फुलांसाठी जाड क्रेप, पानांसाठी पूर्ण रंगात भिजलेली कार्डशीट. एक बाजू रंगीत आणि आत पांढरी अशी कार्डशीट घडीवर फुटते आणि पांढरी रेघ दिसते. घोटीव कागद चमकतो खरा, पण पानाला खोटी झाक येते. पतंगाचा कागद मखरासाठी ठीक, कायमच्या झाडाला नको.

लाकडाच्या कच्च्या लगद्यातलं लिग्निन उजेडात पिवळं पडतं. कापसाच्या चिंध्यांपासून केलेल्या हातकागदात ही अडचण नसते. पुण्यात शिवाजीनगरला १९४० पासून हातकागद बनवणारी संस्था आहे. असा कागद हातात घेऊन बघा, त्याची मोठी पानं काय दिमाखदार होतात! सोनचाफ्याला मात्र तो जाड पडतो.

तारेवर गंज चढून देठातून तांबूस डाग फुटतात, समुद्राजवळ लवकरच. जस्ताचा मुलामा असलेली तार मागा.

घरी केलेली खळ चालेल का?

पताका, मखर, शाळेचा प्रकल्प यांना चालेल. वर्षानुवर्षं ठेवायच्या झाडाला नको. मैद्याची खळ कसर आणि झुरळं दोघांनाही खेचते. पूर्वी पुस्तकबांधणी करणारे त्यात मोरचूद घालत. मोरचूद विषारी आहे, घरात लहान मुलं असताना तो उद्योग करू नका. फेव्हिकॉलसारखा पांढरा गोंद पातळ थरात लावा. जास्त लावला की क्रेप भिजतो आणि रंग सोडतो.

चेपलेली पानं सरळ होतात का?

बहुतेक होतात. क्रेपची पाकळी दोन अंगठ्यांमध्ये धरून मधोमध हलकेच ताणा, वाटी परत येते. दोन-तीनदा ताणल्यावर मात्र कागदात जीव उरत नाही. कार्डशीटचं पान विणकामाच्या सुईवर गुंडाळून वळण द्या. घडी पडली असेल तर मागून त्याच रंगाची पातळ पट्टी चिकटवा, घडी लपते आणि पान ताठ राहतं.

मेणात बुडवलेली फुलं मिळतात. त्यांना ओल चटकन लागत नाही, पण विदर्भातल्या उन्हाळ्यात मेण मऊ होतं. किनाऱ्यावर घ्या, चंद्रपुरात घेऊ नका.

गणपतीच्या मखराची कागदी फुलं पुढच्या वर्षी वापरता येतील का?

येतील, आणि वापरावीतच. २०१८ मध्ये राज्यात थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आल्यापासून अनेक घरांत कागदी मखरं आली. अडचण एवढीच की भाद्रपद हा वर्षातल्या सगळ्यात दमट काळात येतो, आणि त्यातच फुलं, दूर्वा, अभिषेकाचं पाणी, पाहुण्यांची वर्दळ. फुलं खोक्यातून आदल्या दिवशीच काढा. हार आणि दूर्वा कागदाला टेकू देऊ नका. विसर्जनानंतर लगेच खोक्यात भरू नका. तीन-चार दिवस पंख्याच्या लांबच्या वाऱ्यात दोरीवर टांगा, मग नवी सिलिका जेलची पुडी घालून भरा. दीड दिवसाच्या गणपतीचं मखर जवळपास नव्यासारखं राहतं. दहा दिवसांच्या मखरातल्या खालच्या ओळी बहुतेक बदलाव्या लागतात. मूर्तीबरोबर कागदी फुलं पाण्यात सोडू नका, त्यांत तार आणि गोंद असतो.

कागदी झाडाने हवा शुद्ध होते का? वास्तूला ते वाईट असतं का?

हवा शुद्ध होत नाही. खरं सांगायचं तर कुंडीतल्या जिवंत झाडांनीही घराची हवा जाणवण्याइतकी शुद्ध होत नाही, खिडकी उघडण्याचा उपयोग जास्त. कागदी झाडाचे फायदे वेगळे आहेत. परागकण नाहीत, आणि मनीप्लँटच्या बाटलीत होतात तसे डास होत नाहीत.

वास्तूबद्दल ज्याची त्याची श्रद्धा. निर्जीव झाड घरात नको असं वडीलधाऱ्यांना वाटत असेल तर त्यांच्या खोलीत ठेवू नका.

मुलं आणि मांजर असताना?

तारेची टोकं वळवून टेपने झाका. मांजराला क्रेपचा कुरकुर आवाज आवडतो, ते चावतंच. उंच ठेवा किंवा काचेत.

कॅनडातल्या मुलीकडे न्यायचं आहे. विमानात चालेल का?

जिवंत रोपांना लागतात तसे रोपांच्या आरोग्याचे दाखले कागदी झाडाला लागत नाहीत. मातीऐवजी कुंडीत कागदाचे बोळे भरा, कुंडीत खरी माती अजिबात नको, कारण माती अडवतात. तिकडच्या हिवाळ्यात हीटरमुळे घरातली हवा फार कोरडी होते आणि पानं ठिसूळ होतात. हीटरच्या जाळीपासून लांब ठेवायला मुलीला सांगा. तिथे पावसाळ्याची चिंता नाही, पण घरातली सगळ्यात मोठी खिडकी दक्षिणेकडे, म्हणजे उन्हाच्या बाजूला, असेल तर तिच्यासमोर नको.

जुनं झालेलं झाड रद्दीत देऊ का?

आधी सोलून घ्या. तार काढून भंगारात द्या, ती सरळ करून पुन्हाही वापरता येते. फवारा, मेण किंवा चमकी लावलेला कागद रद्दीवाले घेत नाहीत, तो सुक्या कचऱ्यात टाका. साधी कार्डशीट रद्दीत जाते. चांगली राहिलेली पानं मात्र जपून ठेवा, पुढच्या झाडाच्या खालच्या फांद्यांना ती सहज खपतात.